वाचक विचारतात : चित्रातली झुडपं, समासातली नावं

मागच्या अंकात या सदरासोबत एक चित्र छापलं होतं. ब्लॅकबेरीचं काटेरी झुडूप, इसवी सन ५१२ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये चर्मपत्रावर रंगवलेलं. खाली चारच ओळी होत्या : औषधी वनस्पतींचा ग्रीक ग्रंथ, मूळ लेखक डायोस्कोरिडीझ, सध्या मुक्काम व्हिएन्ना. एरवी या सदराला कुंडीतल्या मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत, अशी पत्रं येतात. या खेपेला बहुतेक टपाल त्या चार ओळींवरच आलं. मोगरेवाल्यांनी महिनाभर थांबावं.

प्रश्न : मी निवृत्त चित्रकला शिक्षक. ब्लॅकबेरी पाहून हात जोडले. पण मग मोबाइलवर त्याच जातीची दुसरी मध्ययुगीन पुस्तकं पाहिली आणि हसूच आलं. दोन्ही बाजूंना मोजून तेवढीच पानं, फूल म्हणजे रांगोळीचा ठिपका. असलं चित्र घेऊन रानात गेलेला वैद्य काय तोडून आणत असेल? (एक वाचक, महाल)

उत्तर : सर, तो पुस्तक घेऊन रानात जातच नव्हता. व्हिएन्नाचा ग्रंथ ४९१ चर्मपत्रांचा आहे आणि त्यात वनस्पतींची पानभर चित्रं चारशेच्या घरात आहेत. एवढं धूड काखोटीला मारून कुणी चिखलात उतरत नाही.

आणि झाड ओळखायला पुस्तक पुरतं, असं त्या लोकांनाही वाटत नव्हतं. डायोस्कोरिडीझ पहिल्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या अनाझार्बस गावचा. तो प्रस्तावनेतच बजावतो : झाड कोंभात असताना, भरात असताना आणि सुकत आल्यावर, तिन्ही वेळा त्याच्यापाशी जा, ज्यानं नुसता कोंभ पाहिला त्याला वाढलेलं झाड ओळखू येणार नाही. त्याच्याच काळातला रोमन लेखक प्लिनी चित्रांवर आणखी नाराज. रंग मुळातच फार, नक्कल करणाऱ्यांचे हात कमीजास्त, त्यात झाड ऋतूगणिक रूप पालटतं, मग एका चित्रानं काय भागणार, असं त्याचं म्हणणं. त्यानं स्वतः बऱ्याच वनस्पती पाहिल्या त्या अँटोनियस कॅस्टर नावाच्या, शंभरी ओलांडलेल्या जाणकाराच्या बागेत.

माझा अनुभव प्लिनीच्या बाजूचा आहे. वहीत आघाड्याची देखणी आकृती काढणारी पोरं गोरेवाड्याच्या पायवाटेवर आघाडा पँटला चिकटला तरी विचारायची, "मॅडम, हे काय चिकटून राहिलं?"

तुम्हाला हसू आलं ती चित्रं बहुधा 'हर्बेरियस' या लॅटिन पुस्तकाच्या प्रतींमधली असावीत. चौथ्या शतकाच्या आसपासचं पुस्तक, अपुलेयस या नामवंत लेखकाच्या नावावर खपलेलं. त्यानं ते लिहिलेलं नाही. त्यात सव्वाशेच्या वर वनस्पती आहेत. पुढची कित्येक शतकं त्याच्या नकला होत राहिल्या आणि चित्रकारापुढे झाड नसायचं, आधीची नक्कल असायची. वाकडी फांदी सरळ झाली, सातातली दोन पानं गळाली, उरलेली समोरासमोर बसली.

तरीही वाचणाऱ्याचं अडत नसे. त्या पुस्तकात एखाद्या झाडाच्या बुंध्याशी साप काढलेला असतो, कुठे विंचू. साप दिसला की दंशावरचा उतारा या पानावर आहे, हे अक्षर न वाचता कळायचं. आपण फोनमध्ये नाव न वाचता फोटोवरून माणूस गाठतो, तसं ते चित्र पान गाठून द्यायचं. झाडाची ओळख वाचणाऱ्याला आधीच असायची, गुरूकडून, आजीकडून, मठाच्या बागेतून.

एक गोष्ट मात्र खास तुमच्यासाठी. पादुआचा अधिपती फ्रान्चेस्को नोव्हेल्लो दा कॅरारा यानं १३९० ते १४०४ च्या दरम्यान स्वतःसाठी एक ग्रंथ करवून घेतला. आता तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातला द्राक्षवेल पाहा, पानाच्या कडेनं मजकुराशी लगट करत चढतो. चित्रकारानं डोळ्यांनी वेल पाहिलाय, हे एका नजरेत कळतं. पण बरीच चित्रं झालीच नाहीत, मजकुराशेजारी त्यांच्या जागा कोऱ्या राहिल्या. १४०५ मध्ये व्हेनिसनं पादुआ घेतलं आणि पुढच्या वर्षी हा राजा तुरुंगात मारला गेला. झाडांवर एवढी बारीक नजर असलेला हात अर्ध्यावर थांबावा याची मला जास्त हळहळ वाटते. राजे काय, पडतातच.

झाड समोर ठेवून काढलेली चित्रं छापून सगळीकडे पोचली ती १५३० मध्ये, स्ट्रासबुर्गला. हान्स वाइडित्स या चित्रकारानं त्या छापील पुस्तकात किडलेली, मरगळलेली पानंसुद्धा तशीच काढली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी यावर नाकं मुरडली आहेत, कारण नमुना कसा आदर्श हवा. मी तुमच्या बाजूनं मत देईन.

प्रश्न : मी बीएएमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. द्रव्यगुणाच्या तासाला आम्हाला नमुने हाताळायला देतात. त्या काळचे वैद्य चित्रावरून झाड ओळखत नसतील, तर मग एवढ्या महागड्या पुस्तकाचं ते नेमकं करत काय? की नुसती शोभा? (एक विद्यार्थिनी, हनुमाननगर)

उत्तर : शोभाही होतीच. व्हिएन्नाचा ग्रंथ अनिकिया जुलियाना या राजघराण्यातल्या बाईंसाठी तयार झाला. त्यांचे वडील ऑलिब्रियस काही महिने रोमचे सम्राट होते. बाईंनी स्वतः काढे उकळले असतील असं मला वाटत नाही. पण पुस्तक मालकिणीपेक्षा पुष्कळ जास्त जगलं आणि त्याच्या कामाला सुरुवात झाली ती नंतर.

१४०६ मध्ये ते कॉन्स्टँटिनोपलच्या एका मठात होतं. मठाला इस्पितळ जोडलेलं. जॉन कोर्तास्मेनोस नावाच्या विद्वानाकडून त्याची नव्यानं बांधणी करून घेण्यात आली. त्यानं आणखी एक काम केलं. मूळ मजकूर जुन्या वळणाच्या मोठ्या ग्रीक अक्षरांत होता आणि नऊशे वर्षांनी ती अक्षरं सराईतपणे वाचणारे उरले नव्हते. त्यानं तो त्याच पानांवर चालू वळणात उतरवून ठेवला. भोसल्यांच्या काळातला मोडी कागद ज्यांच्या घरी आहे आणि वाचता येत नाही, त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. शोभेच्या वस्तूवर एवढी मेहनत कुणी घेत नाही.

१४५३ मध्ये शहर उस्मानी तुर्कांच्या हाती गेलं. पुस्तकाचे वाचक बदलले, पुस्तक तेच. आता चित्रांच्या शेजारी अरबी लिपीत नावं आली, हिब्रूत आली. शंभर वर्षांनी ते सुलतान सुलेमानच्या ज्यू राजवैद्याच्या, मोझेस हामोनच्या घरात होतं. १५६० च्या दशकात पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाचा वकील बुस्बेक यानं ते वैद्याच्या मुलाकडे पाहिलं. त्यानं पत्रात लिहिलंय की वरून ते इतकं किडीनं खाल्लेलं होतं की रस्त्यात पडलेलं दिसलं तर कुणी उचलायचं नाही. किंमत मात्र शंभर डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी! बुस्बेक दचकला, पण सम्राटाच्या मागे लागला आणि १५६९ मध्ये ग्रंथ व्हिएन्नाला पोचला.

आता त्यातल्या एका पानासमोर बसल्याची कल्पना कर. मध्ये झाड, सहाव्या शतकातलं. वर त्याचं जुन्या ग्रीक अक्षरांतलं नाव, आसपास वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या धर्माच्या माणसांनी लिहिलेली त्याचीच दुसरी नावं. इस्पितळातल्या वैद्याची खरी अडचण हीच होती. ग्रंथ ग्रीक नावानं बोलतो, औषध विकणारा अरबी नावानं, रोगी तिसऱ्याच. तिन्ही नावांनी मागितलेली वस्तू एकच आहे ना? चित्र ही ती नावं टांगायची खुंटी. झाड हुबेहूब नसलं तरी खुंटीचं काम चालतं.

हे फक्त त्या एका ग्रंथापुरतं नाही. लोंबार्डीत १४४० च्या सुमारास झालेलं एक हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात चित्रं आणि नावं, बस्स. औषधाचा मजकूर गाळूनच टाकलाय. तुझ्या 'नुसती शोभा' या शंकेला ते पुस्तक थोडं पुष्टी देतं, हे कबूल करते, कारण चित्रं फार देखणी आहेत. पण मजकूर काढल्यावरही नावं ठेवली, हे विसरू नकोस.

प्रश्न : बाई, आमचं काष्ठौषधीचं दुकान आजोबांपासून आहे. आपल्या निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांमध्ये, एवढी माहिती आणि चित्र मात्र एक नाही. विलायतेत चित्रं काढत होते तेव्हा आपले लोक काय करत होते? (एक दुकानदार, इतवारी)

उत्तर : ते श्लोक पाठ करत होते. गुळवेलीचंच घ्या, तुमच्याकडे रोज कापली जाते. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तिची नावं एकामागून एक येतात. छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी फुटणारी. चक्रलक्षणिका, म्हणजे खोड आडवं कापलं की चाकाच्या आऱ्या दिसणारी. हे ज्याला पाठ आहे त्याच्या हातात सुरी द्या, तो दोन मिनिटांत खरी-खोटी ठरवेल. चर्मपत्रावरच्या चित्राला खोडाचा काप दाखवायचं सुचलं नव्हतं. तेव्हा 'आपल्याकडे नव्हतं' म्हणून खंतावू नका.

पण छातीही फुगवू नका. शंखपुष्पी मागितली तर एक दुकान विष्णुक्रांता देतं, दुसरं भलतंच काही, आणि काही भागांत गोकर्णच शंखपुष्पी म्हणून चालतो. ब्राह्मी म्हणून दोन सर्वस्वी वेगळ्या वनस्पती देशभर विकल्या जातात, हे तुम्हाला मी काय सांगावं! पाठ श्लोक एक आणि पुड्यांत वस्तू दोन. इथे समासात नावं लिहिणारा कुणी हवा होता. माझ्या पुण्याच्या जावेला 'तरोट्याची भाजी' म्हटलं तर समजत नाही, 'टाकळा' म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं. दोघींचं ताट एकच.

चरकानं यावर शतकांपूर्वी मख्खी सांगितली आहे : 'ओषधीर्नामरूपाभ्यां जानते ह्यजपा वने'. शेळ्या राखणारे, मेंढपाळ, गुराखी आणि रानात राहणारे, यांना वनस्पती नावानं आणि रूपानं माहीत असतात. पुढे तो जोडतो की तेवढ्यानं भागत नाही, कुठे कशी वापरायची ते वैद्यानं जाणावं. गडचिरोली-मेळघाटाकडून तुमच्याकडे माल आणणाऱ्यांचा अजपांशी थेट संबंध आहे. त्यांना भाव करण्यापलीकडे काही विचारता का, हे मात्र मला तुम्हाला विचारायचं आहे.

चित्र आणि निघंटू दोन्ही जिथे भेटले ते पुस्तक मध्ययुगाच्या पुढचं. 'हॉर्तुस मलबारिकुस', १६७८ ते १६९३, ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापलेलं. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे, माहिती देणारा मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन, आणि सोबत रंगभट, विनायक पंडित, अप्पुभट हे तीन कोकणी जाणकार. या तिघांचा दाखला पहिल्या खंडात छापलाय, कोकणीत आणि नागरी अक्षरांत. १६७८ सालच्या ॲमस्टरडॅमच्या पुस्तकात नागरी अक्षरं! दुकानात फ्रेम करून लावावं असं ते पान आहे.

प्रश्न : मी आठवीत आहे. मँड्रेक नावाचं रोप उपटलं की ते किंचाळतं आणि ऐकणारा मरतो, हे खरंच पुस्तकात लिहिलेलं होतं का? (एक विद्यार्थी, प्रतापनगर)

उत्तर : हो, अशी समजूत होती. मुळाला दोन फाटे फुटतात, ते पायांसारखे दिसतात, म्हणून चित्रकार सरळ माणूसच काढायचे आणि डोक्यावर पानांचा झुपका. उपटायची युक्तीही सांगत : मुळाला दोरी बांधायची, दुसरं टोक कुत्र्याच्या गळ्यात, आणि लांबून कुत्र्याला खाऊ दाखवायचा. कुत्रा मरतो, माणूस वाचतो. व्हिएन्नाच्या ग्रंथात सुरुवातीलाच हा बिचारा कुत्रा आहे. शोधाची देवता डायोस्कोरिडीझला मँड्रेक देतेय आणि खाली कुत्रा पडलाय. त्याच्या पुढचं चित्र मला फार आवडतं. एक बाई मँड्रेक धरून उभी आहे, चित्रकार तिच्या हातातलं मूळ बघून रंगवतोय आणि लेखक बाजूला लिहीत बसलाय. पुस्तक कसं तयार होतं हे त्याच पुस्तकात दाखवलंय!

मँड्रेक किंचाळत नाही. विषारी मात्र नक्की आहे, धोतऱ्याच्याच कुळातलं. धोतरा तुमच्या शाळेमागच्या पडीक जागेत असेल. दुरून बघ, तोडू नकोस.

प्रश्न : व्हॉयनिच हस्तलिखित या गूढ सचित्र ग्रंथातल्या वनस्पती कोणत्या, यावर तुमचं मत? मी कोडिंग करतो, रात्री त्याच नादात असतो. (एक वाचक, मिहान)

उत्तर : झोपत जा. चर्मपत्र १४०४ ते १४३८ च्या दरम्यानचं, हे कार्बन-चाचणीतून निघालंय. १९१२ मध्ये पुस्तकविक्रेता व्हॉयनिचनं ते घेतलं, आज ते येल विद्यापीठात आहे आणि सगळी पानं नेटवर फुकट पाहता येतात. लिपी कुणाला वाचता आलेली नाही. झाडं म्हणाल तर मला त्यात एकाची मुळं, दुसऱ्याची पानं, तिसऱ्याचं फूल असं दिसतं. 'ही अमुक वनस्पती' असं छातीठोक सांगणारा भेटला तर त्याला एवढंच विचारा, बाकीच्यांचं काय?

प्रश्न : या जुन्या पुस्तकांतली औषधं लागू पडतात का? सासूबाई म्हणतात, जुनं ते सोनं. (एक वाचक, धंतोली)

उत्तर : एक लागू पडलेलं सांगते. इंग्लंडमध्ये दहाव्या शतकातलं, चित्रं नसलेलं, 'बाल्ड्स लीचबुक' नावाचं वैद्यकाचं पुस्तक आहे. त्यात रांजणवाडीवर उतारा दिलाय : लसूण, त्याच्याच कुळातली दुसरी एक वनस्पती, वाइन आणि बैलाचं पित्त एकत्र करून पितळी भांड्यात नऊ रात्री ठेवायचं. २०१५ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी ते जसंच्या तसं करून पाहिलं. एकेक घटक सुटा घेऊन फारसं साधलं नाही, पण सगळं मिश्रण एमआरएसए या चिवट जंतूला प्रयोगशाळेत मारक ठरलं. हे प्रयोगशाळेत. तुमच्या किंवा सासूबाईंच्या डोळ्यात नाही.

आणि त्याच पुस्तकांत दाखवता न येणाऱ्या शत्रूंवर, एल्फ नावाच्या पिशाच्चांच्या बाणांवर वगैरेही उतारे आहेत. त्या काळच्या वाचकांनाही सगळं सारखं वाटत नव्हतं. ठिकठिकाणच्या नुस्ख्यांपुढे लॅटिनमध्ये 'अनुभवसिद्ध' अशा अर्थाचा शेरा मारलेला सापडतो. म्हणजे बाकीचे नुस्खे तपासायचे राहिले होते. सासूबाईंना सांगा, सोनं तेव्हाही कसाला लावूनच घेत.

प्रश्न : आमच्या पणजोबांची औषधांची हस्तलिखित वही माळ्यावर सापडली. मध्ये मध्ये वाळलेली पानं, काही ठिकाणी पेन्सिलीनं काढलेली झाडं. कागद कडांना तुकडे होऊन पडतोय. बाइंडरला द्यायची का? लॅमिनेशन करू का? (एक वाचक, रामटेक)

उत्तर : लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, आणि बाइंडर तर मुळीच नको. बाइंडर पहिलं काम करतो ते कडा कापून सारख्या करण्याचं. युरोपात कितीतरी हस्तलिखितांच्या समासातल्या नोंदी अशाच अर्ध्या कापल्या गेल्या, नावाची शेवटची तीन अक्षरं उरली आणि सुरुवात कचऱ्यात. तुमच्या पणजोबांनी महत्त्वाचं जे काही लिहिलं असेल ते बहुधा कडेलाच असणार. कुणाला गुण आला, कुठून मुळी आणली, दुकानदार तिला काय म्हणतो.

आधी प्रत्येक पानाचे फोटो घ्या, चारी कडा दिसतील असे, कोरी वाटणारी पानंही. वाळलेलं पान जिथे आहे तिथेच ठेवून एक फोटो, मग ते अलगद उचलून खालच्या मजकुराचा दुसरा. ते पान त्याच जागी परत ठेवा, कारण कुठल्या नुस्ख्यापाशी ते दाबलंय हीच त्याची ओळख. त्याच्याखाली साधा स्वच्छ पांढरा कागद घाला, वर्तमानपत्र नको. पेन्सिलीची चित्रं बोटानं पुसली जातात, त्यांना हात लावू नका. मग सगळी वही धुतलेल्या सुती कापडात बांधून कपाटात आडवी ठेवा. माळ्यावर परत नको, आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय तापतं ते तुम्ही जाणता. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सोडून कसर लागली का बघा. डांबरगोळ्या थेट कागदावर टाकू नका.

हिरव्या रंगानं काही रंगवलं असेल तर ते पान आधी तपासा. मध्ययुगीन ग्रंथांत तांब्यापासून केलेला हिरवा रंग चर्मपत्र खातो. कित्येक ठिकाणी पानाच्या आकाराचं भोक पडलंय आणि झाडाचं फक्त खोड उरलंय. तुमच्या वहीत कदाचित साधा रंग असेल, पण पानामागे तपकिरी डाग उमटला असेल तर दोन्ही बाजूंना कागद घालून ठेवा आणि जाणकार संवर्धकाला दाखवा.

मोडीत काही असेल तर त्याचे फोटो मला पाठवा, पत्ता नेहमीचाच. नावं वाचून देईन. झाडं कोणती ते मात्र वाळलेली पानं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगणार नाही, तेव्हा वही घेऊन कधीतरी नागपूरला या. दुपारी चारनंतर.